‘सैतानाचा गड’ की माणसांचे घर?

जॉन ॲलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकी तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर नोव्हेंबर २०१८ मध्ये मारला गेला. त्यानंतर बरीच वर्षे लोटली, तरी त्याच्या नावाभोवतीचा प्रकाशझोत विझलेला नाही. २०२३ मध्ये त्याच्यावर ‘द मिशन’ हा माहितीपट निघाला. २०२५ मध्ये ‘लास्ट डेज’ हा कथापट अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला. अमेरिकेतील इव्हँजेलिकल मंडळींच्या एका मोठ्या वर्गात तो आज ‘मार्टिर’ म्हणून ओळखला जातो.

या शब्दाला मराठीत ‘हुतात्मा’ हा प्रतिशब्द दिला तो स्वातंत्र्यवीर सावरकरांनी. आणि योगायोग असा की, ज्या पोर्ट ब्लेअरमधून (आजचे श्रीविजयपुरम्) चाऊ चोरून होडीत बसला, त्याच पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर तुरुंगात सावरकरांनी १९११ ते १९२१ ही दहा वर्षे कोलू ओढीत काढली. ज्या भूमीवर या शब्दाची किंमत अशी मोजली गेली, तेथे तो कुणाला लावावा आणि कुणाला लावू नये, याचा विचार भारतीयांनी करायचा नाही तर कुणी करायचा?

चाऊ वाईट मुलगा नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. त्याच्या मृत्यूचा आनंद मानणे हे माणुसकीला धरून नाही. समाजमाध्यमांवर तेव्हा जो उपहासाचा पूर आला, तोही सभ्यपणाचा नव्हता. तो धाडसी होता, काटक होता, डोंगरदऱ्यांत रमणारा होता. दिलेला शब्द पाळण्यासाठी प्राण पणाला लावण्याची त्याची तयारी होती. असा मुलगा कोणत्याही घरात जन्मला असता तर आईबापांना त्याचा अभिमानच वाटला असता. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. इतक्या चांगल्या मुलाच्या डोक्यात हे कुणी भरले?

एका यादीतून सुरू झालेला प्रवास

चाऊचा जन्म १८ डिसेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला आणि तो वाढला वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर या गावी. वडील चीनमधून आलेले, व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. मुलगा ख्रिस्ती शाळेत शिकला. बालपणी ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून एकाकी बेटांची ओढ लागली. अशी ओढ कुणाला लागत नाही? आपल्याकडेही कित्येक पिढ्यांनी क्रूसोचे मराठी अवतार वाचलेच आहेत. पण त्या मुलाच्या हाती शाळकरी वयातच आणखी एक गोष्ट पडली, ती म्हणजे ‘जोशुआ प्रोजेक्ट’ची सूची.

ही सूची काय आहे, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. जगातील कोणकोणत्या मानवसमूहांपर्यंत ख्रिस्ताचा संदेश अद्याप ‘पोहोचलेला नाही’, याची ही गणती आहे. प्रत्येक समूहाची लोकसंख्या, भाषा, धर्म आणि त्यातील ख्रिस्ती व्यक्तींचे प्रमाण असे रकाने तिच्यात भरलेले असतात. अशा ‘न पोहोचलेल्या’ समूहांची सर्वांत मोठी संख्या भारताच्या नावावर आहे. सेंटिनेली त्या यादीत आहेत, तसेच मराठा, कुणबी, माळी आणि धनगरही आहेत. अंदमानातील दूरस्थ बेटाची ही कथा आपल्या दारापासून किती अंतरावर आहे, याचे उत्तर त्या रकान्यांत मिळते.

त्या यादीतील सर्वांत लहान, सर्वांत दुर्गम आणि म्हणूनच सर्वांत आकर्षक नाव या मुलाच्या मनात रुतले ते कायमचे. पुढे ओक्लाहोमा राज्यातील ओरल रॉबर्ट्स विद्यापीठातून (ज्याचे संस्थापक दूरचित्रवाणीवरील नामांकित धर्मोपदेशक होते) तो २०१४ मध्ये पदवीधर झाला. २०१५ पासून तो अंदमानात येरझारा घालू लागला. वरवर पाहता हौशी पर्यटक. प्रत्यक्षात तो रस्ते, माणसे, होड्या आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यास करीत होता. त्याने भाषाशास्त्राचे प्रशिक्षण घेतले, रानावनातील प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले. पूर्ण आठ-दहा वर्षे त्याचे सारे आयुष्य त्या साठएक चौरस किलोमीटरच्या बेटाभोवती फिरत राहिले.

२०१७ मध्ये तो कॅन्सस सिटी येथील ‘ऑल नेशन्स’ या मिशनरी संस्थेत दाखल झाला. या संस्थेच्या प्रशिक्षण शिबिराची हकीकत नंतर अमेरिकी वृत्तपत्रांतूनच बाहेर आली. एक लुटुपुटीचे ‘रानटी’ गाव उभारायचे, संस्थेतीलच काही जणांनी खोटे भाले घेऊन, न समजणारी बडबड करीत अंगावर धावून यायचे आणि प्रशिक्षणार्थीने त्यांना जिंकायचे! वनवासी म्हणजे काय, याची या मंडळींची कल्पना ती एवढी. भाला, आरडाओरड आणि मध्ये उभा असलेला गोरागोमटा उद्धारक. ज्यांच्यासाठी प्राण द्यायचे, त्यांचे इतके थिल्लर सोंग काढणाऱ्या संस्थेला त्या लोकांविषयी प्रेम आहे, यावर विश्वास कसा ठेवावा?

तीन दिवस

१६ ऑक्टोबर २०१८ रोजी चाऊ पुन्हा पोर्ट ब्लेअरला उतरला. तो आला होता पर्यटक व्हिसावर. धर्मप्रचारासाठी येणाऱ्याला भारत सरकार वेगळा व्हिसा देते. तो मागितला असता तर मिळाला नसता, हे त्यालाही माहीत होते. तेथे त्याने सुमारे अकरा दिवस एका बंद घरात, उन्हाचा कवडसाही न घेता काढले. आपल्यामार्फत रोग बेटावर जाऊ नये म्हणून केलेला हा उपाय, असे त्याचे समर्थक मोठ्या कौतुकाने सांगतात.

स्थानिक मच्छीमारांना त्याने २५ हजार रुपये दिले. १४ नोव्हेंबरच्या रात्री, तटरक्षक दलाच्या गस्तीला चुकवीत, दिवे न लावता होडी निघाली. १५ तारखेला सकाळी तो छोट्या कयाकमधून किनाऱ्याकडे वल्हवीत गेला. सोबत भेट म्हणून मासे होते. आपले नाव जॉन आहे, आपले तुमच्यावर प्रेम आहे आणि येशूचेही आहे, असे त्याने ओरडून सांगितले. कोणत्या भाषेत? इंग्रजीत! सेंटिनेलींची भाषा जगात बाहेरच्या कुणालाच येत नाही. शेजारच्या ओंगी वनवाशांना दुभाषे म्हणून नेले तरी त्यांनाही ती उमगली नव्हती. चाऊने त्यांच्यापुढे ख्रिस्ती भजने म्हटली, आणि दक्षिण आफ्रिकेत कानावर पडलेले खोसा भाषेतील काही शब्दही उच्चारून पाहिले. बंगालच्या उपसागरातील लोकांशी आफ्रिकेतील बोलीत संवाद साधायचा, यामागे तर्क तरी कोणता? एक काळे तेवढे सारे काळे सारखेच, असा तर नव्हे?

एका लहान मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातील बायबलात घुसला. तो परत फिरला. होडीवर बसून त्याने रोजनिशी लिहिली. ती तेरा पानांची रोजनिशी आज उपलब्ध आहे आणि तिच्यातील एक वाक्य या साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. हे बेट म्हणजे सैतानाचा शेवटचा बालेकिल्ला आहे काय, असा प्रश्न त्याने आपल्या देवाला विचारला आहे. आपण मारले गेलो तर या लोकांवर रागावू नका, असेही त्याने घरच्यांना लिहिले. मृत्यूची भीती वाटते, मरायची इच्छा नाही, हेही त्याने लपविलेले नाही. ती पाने वाचताना कुणाचेही मन हेलावेल.

१६ तारखेला त्याने मच्छीमारांना परत पाठविले आणि तो एकटाच किनाऱ्यावर राहिला. १७ तारखेला सकाळी होडी पुन्हा जवळून गेली, तेव्हा बेटावरील लोक एक मृतदेह वाळूतून ओढून नेऊन पुरत असताना मच्छीमारांना दिसले.

सैतानाचा बालेकिल्ला! चार-दोनशे माणसे असतील-नसतील. मासे, कासवे आणि रानडुकरे यांवर जगणारी, बाहेरच्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी कधी दुसऱ्याच्या बेटावर स्वारी केली नाही, कुणाला गुलाम केले नाही, कुणाचे देव फोडले नाहीत. त्यांचे म्हणणे एकच आहे आणि ते दीडशे वर्षे ते एकाच भाषेत, बाणांच्या भाषेत, सांगत आले आहेत: आमच्या घरात येऊ नका. या साध्या म्हणण्याला ‘सैतान’ हे नाव देण्यासाठी मन आधी एका विशिष्ट साच्यात ओतावे लागते. जगात दोनच प्रकारची माणसे आहेत, तरलेली आणि बुडालेली. आणि जो आपल्या मार्गाने जात नाही तो बुडालेलाच, ही ती शिकवण. तिच्यात शेजाऱ्याला शेजारी म्हणून जागाच नाही.

बाण उगाच सुटत नाहीत

सेंटिनेली हे स्वभावतःच क्रूर आहेत, असे एक चित्र पाश्चात्त्य प्रसारमाध्यमांनी रंगविले. इतिहास वेगळे सांगतो. १८८० मध्ये मॉरिस व्हिडाल पोर्टमन हा ब्रिटिश अधिकारी सशस्त्र तुकडी घेऊन या बेटावर उतरला. लोक रानात पळाले. कित्येक दिवसांच्या शोधानंतर एक वृद्ध जोडपे आणि चार मुले हाती लागली. त्यांना पकडून पोर्ट ब्लेअरला आणण्यात आले. सारीच झपाट्याने आजारी पडली, वृद्ध जोडपे मरण पावले. मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडण्यात आले. त्या भेटवस्तूंबरोबर आणखी काय परत गेले असेल, याची कल्पना करावी. आपल्या आजी-आजोबांना परक्यांनी उचलून नेले आणि ते परत आलेच नाहीत, ही आठवण एखादा समाज किती पिढ्या जपत असेल?

आणि शेजारच्या बेटांवर काय घडले ते पाहा. १८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत वसविली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या पाच हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. त्यांना ‘सुधारण्यासाठी’ रॉस बेटावर ‘अंदमान होम’ निघाले आणि १८६३ मध्ये त्याचा कारभार वसाहतीच्या धर्मगुरूकडे, रेव्हरंड हेन्री कॉर्बिन यांच्याकडे देण्यात आला. कपडे घालणे, इंग्रजी बोलणे, प्रार्थना म्हणणे असे शिक्षण तेथे सुरू झाले. त्या ‘होम’मध्ये जन्मलेल्या सुमारे दीडशे बालकांपैकी एकही दोन वर्षांपलीकडे जगले नाही! उपदंश आला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले ६२५. १९६१ मध्ये उरले १९. हेतू शुद्ध होता, असे आजही कुणी म्हणेल. असेलही. पण स्मशानात हेतूची चौकशी कोण करतो?

जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर ‘बो’ ही भाषा संपली. जांगिल नावाची एक जमात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पुसली गेली. ओंगी १९०१ मध्ये ६७२ होते, आज शंभराच्या घरात आहेत. या सगळ्यांपैकी ज्यांनी पाहुण्यांना जवळ येऊ दिले ते संपले, आणि ज्यांनी बाण सोडले ते टिकले. आता सांगा, शहाणे कोण?

म्हणूनच अकरा दिवसांच्या त्या विलगीकरणाचे कौतुक बालिश ठरते. कोरोनाच्या काळातून गेलेल्या आपल्या घरातील शाळकरी मुलालाही आज ठाऊक आहे की, निरोगी दिसणारा, खोकलाही नसलेला माणूस रोग वाहून नेऊ शकतो. कित्येक विषाणू माणसाच्या शरीरात आयुष्यभर निद्रिस्त राहतात. आपल्याला जो साधा सर्दीताप वाटतो, तो हजारो वर्षे एकाकी राहिलेल्या समाजाला साथ होऊन भिडतो. चाऊने स्वतःला अनेक लसी टोचून घेतल्या होत्या. त्या त्याचे रक्षण करणार होत्या, सेंटिनेलींचे नव्हे. त्या बेटावर किनाऱ्यावर उतरताक्षणी त्याच्या हातात एक बायबल होते आणि श्वासात संपूर्ण बाहेरचे जग होते.

हे सारे लक्षात घेऊनच भारताने १९५६ मध्ये अंदमान-निकोबार आदिम जमाती संरक्षण विनियम केला. बेटाभोवतीच्या समुद्राचा पट्टाही निषिद्ध ठरविला. पुढे मानववंशशास्त्र सर्वेक्षणाच्या त्रिलोकनाथ पंडित यांनी १९६७ पासून अत्यंत धीराने संपर्काचे प्रयत्न केले. अनेकदा नारळ ठेवायचे, दूर जायचे, वाट पाहायची. ४ जानेवारी १९९१ रोजी प्रथमच सेंटिनेली निःशस्त्र पुढे आले आणि त्यांनी हातातून नारळ घेतले. त्या तुकडीत मधुमाला चट्टोपाध्याय ही तरुण मानववंशशास्त्रज्ञ होती. चोवीस वर्षे लागली त्या एका नारळाला. त्यांनी कुणाला नाव बदलायला सांगितले नाही, देव बदलायला सांगितले नाही. आणि त्या यशानंतर भारताने काय केले? काही वर्षांत या मोहिमाच बंद केल्या! कारण संपर्काने त्या लोकांचे भले होणार नाही, हे जारवांच्या अनुभवावरून उमगले होते. आलेले यश स्वतःहून मागे घेणारे राष्ट्र जगात दुसरे कोणते दाखविता येईल? पण या संयमावर चित्रपट निघत नाहीत.

मृत्यूतून भरती

चाऊचा आदर्श होता जिम इलियट. ८ जानेवारी १९५६ रोजी इक्वेडोरच्या जंगलात वाओरानी लोकांनी भाल्यांनी मारलेल्या पाच अमेरिकी मिशनऱ्यांपैकी हा एक, वय २८. त्यांच्याजवळ बंदुका होत्या, पण त्या माणसांवर रोखायच्या नाहीत असा निश्चय त्यांनी केला होता आणि तो पाळला, हे नोंदवायलाच हवे. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांची छायाचित्रे पानोपानी छापली. इलियटच्या पत्नीने लिहिलेले पुस्तक पुढच्याच वर्षी आले आणि कित्येक पिढ्या ते वाचून मिशनरी झाल्या. मेलेला मिशनरी हा जिवंत मिशनऱ्यापेक्षा अधिक भरती करतो, हा धडा त्या यंत्रणेने तेव्हाच गिरविला.

त्या कथेचा उत्तरार्ध मात्र प्रार्थनासभांतून क्वचितच ऐकू येतो. पुढे इलियटची पत्नी आणि मृतांपैकी दुसऱ्या एकाची बहीण वाओरानींमध्ये जाऊन राहिल्या. पांगलेल्या टोळ्या मिशनच्या वस्तीत एकत्र आणल्या गेल्या. १९६९ मध्ये त्या गजबजलेल्या वस्तीत पोलिओची साथ शिरली. कित्येक दगावले, कित्येक कायमचे पंगू झाले. आणि टोळ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्यावर मोकळ्या झालेल्या त्यांच्या जंगलात तेल कंपन्या शिरल्या. ब्राझीलमध्ये झोए जमातीशी अमेरिकी मिशनऱ्यांनी १९८७ मध्ये संपर्क साधला, रोग पसरले, माणसे मेली, आणि १९९१ मध्ये तेथील सरकारला मिशनऱ्यांना बाहेर काढावे लागले. अंदमान, इक्वेडोर, ब्राझील ही तीन टोके, पण कथा एकच.

त्याच १९५६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मध्य प्रदेशातील मिशनरी कार्याविषयीचा आपला अहवाल सादर केला. केवळ धर्मांतर हाच ज्यांचा प्रमुख हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी शिफारस त्यात होती. तेव्हा त्या वयोवृद्ध न्यायमूर्तींवर केवढी झोड उठली! त्यांना संकुचित ठरविण्यात आले. आज चाऊची रोजनिशी आणि नियोगींचा अहवाल शेजारी ठेवून वाचावा.

ख्रिस्ती समाजातील सारेच चाऊच्या बाजूने होते असे नव्हे. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनी हा मार्ग चुकीचा असल्याचे स्पष्ट लिहिले. सर्वांत मोठा आरोप तर घरातूनच आला. त्याच्या वडिलांनी आपल्या मुलाच्या मृत्यूला त्याच्या मनावर बिंबविलेला टोकाचा ख्रिस्ती विचार कारणीभूत असल्याचे पत्रकारांना सांगितले. मुलाने लहानपणापासून जो मार्ग धरला, तो बदलण्याचे त्यांचे प्रयत्न फसले होते. एका बापाचे हे बोल ऐकायला ‘ऑल नेशन्स’जवळ वेळ नव्हता. संस्थेने शोक व्यक्त केला आणि आपण त्याला प्रशिक्षण दिल्याचे अभिमानाने सांगितले.

युक्तिवाद असा केला जातो की, धर्मप्रचार हे स्वातंत्र्य आहे आणि सेंटिनेलींना निवडीची संधी नाकारणे हा अन्याय आहे. निवड? १८८० पासून ते निवडच करीत आहेत. १९७४ मध्ये चित्रपट करायला गेलेल्या तुकडीच्या दिग्दर्शकाच्या मांडीत बाण घुसला. २००४ च्या सुनामीनंतर त्यांची विचारपूस करायला गेलेल्या आपल्या हेलिकॉप्टरवर त्यांनी बाण सोडला. ते छायाचित्र जगभर गाजले. २००६ मध्ये झोपेत वाहत गेलेले दोन मच्छीमार तेथे मारले गेले. याहून स्पष्ट नकार कोणता हवा? एखादा भारतीय साधू पर्यटक व्हिसावर अमेरिकेत गेला, रात्री कुंपण ओलांडून कायद्याने बंद केलेल्या वस्तीत शिरला, आणि तेथील लहान मुलाने ‘जा’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरला, तर अमेरिकी वृत्तपत्रे त्याला काय म्हणतील? स्वातंत्र्य हे ऐकणाऱ्यालाही असते. दार लावून घेण्याचे स्वातंत्र्य हे त्यातले पहिले.

परंतु दोष केवळ परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. चाऊ येण्याआधी काही महिने, २०१८ मध्येच, केंद्रीय गृहमंत्रालयाने परदेशी पर्यटकांसाठी अंदमान-निकोबारमधील २९ बेटांवरील मर्यादित क्षेत्र परवान्याची अट शिथिल केली होती आणि त्या यादीत उत्तर सेंटिनेलचेही नाव होते! इतर कायद्यांचे निर्बंध कायम होते, हे खरे. पण ते नाव त्या यादीत आलेच कसे? पर्यटनवाढीच्या उत्साहात कुण्या कारकुनी हाताने केलेली ही चूक क्षम्य नाही. जारवांच्या राखीव वनातून जाणाऱ्या रस्त्यावर आपल्याच देशातील पर्यटक गाड्यांच्या खिडक्यांतून बिस्किटे फेकीत आणि नाच करायला सांगत. २०१२ मध्ये त्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशाची मान खाली गेली. त्यांतले किती पर्यटक पुण्या-मुंबईचे असतील? चाऊने या लोकांत बुडालेले आत्मे पाहिले, आपण प्राणिसंग्रहालय पाहिले. दोन्ही दृष्टींत माणूस दिसलाच नाही.

आणि या कथेत ज्यांच्यावर एकही चित्रपट निघणार नाही, ते मच्छीमार. २५ हजार रुपयांसाठी त्यांनी कायदा मोडला, हे खरे. चाऊ गेला तो आपल्या इच्छेने, हुतात्मा होऊन. हे मात्र गेले तुरुंगात. एकूण सात जणांना अटक झाली, सदोष मनुष्यवधाचे कलम लागले. ज्यांनी त्याला आठ-दहा वर्षे घडविले, निधी दिला, लुटुपुटीच्या भाल्यांसमोर उभे केले, त्यांतल्या कुणालाही पोर्ट ब्लेअरच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. आपल्या मुलाच्या मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे आणि अटकेतील लोकांना सोडावे, असे चाऊच्या कुटुंबाने जाहीर केले. या उदारतेचा आदर केला पाहिजे. फक्त सेंटिनेलींना क्षमा कशाबद्दल, हे कळत नाही.

पोलिसांनी अज्ञात व्यक्तींवर खुनाचा गुन्हा नोंदविला, ती कायद्याची औपचारिकता होती. नोव्हेंबरच्या अखेरीस पोलिसांची नौका बेटापासून दूर अंतरावर थांबली. दुर्बिणीतून धनुष्यबाण घेतलेले लोक किनाऱ्यावर उभे दिसले. नौका परत फिरली. मृतदेह आणण्याचा हट्ट सोडून देण्यात आला. एका परदेशी नागरिकाचा मृतदेह न आणता भारतीय राज्यसत्तेने आपल्या सर्वांत दुर्बळ नागरिकांच्या दारातून माघार घेतली, आणि ती माघार योग्य होती.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकी तरुण, वय २४, फुगवता येणाऱ्या होडीतून याच बेटावर गेला. हा धर्मप्रचारक नव्हता; त्याला साहस हवे होते. किनाऱ्यावर त्याने शिट्टी वाजविली, कुणी आले नाही. त्याने एक नारळ आणि डाएट कोकचा एक डबा वाळूत ठेवला, थोडी वाळू बाटलीत भरली, चित्रण केले आणि परत फिरला. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला अटक केली. तो डबा तेथेच राहिला.